कार्व्हरांच्या टस्कीगीत लढाऊ वैमानिक कसे घडले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या ज्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत कृषिशास्त्रज्ञ डॉ. कार्व्हर शेंगदाणा आणि रताळ्यावर काम करत होते, तिथेच दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैमानिक तयार होत, हे खरे का? खरे असेल तर शेती, सुतारकाम आणि वीटकाम शिकवणाऱ्या संस्थेकडे विमानतळ आला कुठून? राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने तिथे एक फेरी मारली आणि सगळे सुरू झाले, असे सांगतात ते कितपत खरे? आणि साठ तासांत कोऱ्या पोराच्या हाती विमान द्यायचे, हे जमत कसे होते?

माझे आयुष्य फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून गेले. त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, आणि लढायांचा भाग भराभर उरकणार आहे. टस्कीगीचे नाव निघाले की सगळे इटलीच्या आकाशातल्या लाल शेपटीच्या मस्टँग लढाऊ विमानांकडे धाव घेतात. माझ्या मते त्या कहाणीचा कणा अलाबामातल्या एका लहानशा गवताळ मैदानावर आहे. कोण पुढे जाणार आणि कोण घरी परतणार, हे बऱ्याच अंशी तिथे ठरत होते.

तर पहिले उत्तर, हो, खरे आहे. कार्व्हर 1896 मध्ये टस्कीगीत आले आणि जानेवारी 1943 मध्ये तिथेच गेले. लष्करी वैमानिकांची पहिली तुकडी जुलै 1941 मध्ये दाखल झाली. म्हणजे कार्व्हरांच्या शेवटच्या दीड वर्षात त्या गावाच्या आभाळात प्रशिक्षणाच्या विमानांची घरघर चालूच होती.

आधी नावांचा घोळ निस्तरू. टस्कीगीत मैदाने तीन होती आणि लिहिणारे सर्रास त्यांची सरमिसळ करतात. पहिले केनेडी फील्ड. ते नागरी प्रशिक्षणासाठी भाड्याने घेतलेले, अगदी साधे. दुसरे मोटन फील्ड, गावापासून सुमारे तीन मैलांवर, खुद्द संस्थेच्या मालकीचे. लष्कराच्या कंत्राटावर तिथे प्राथमिक उड्डाण शिकवले जाई. तिसरे टस्कीगी आर्मी एअर फील्ड, तिथून आणखी काही मैलांवर, पक्क्या धावपट्ट्यांचा पूर्ण लष्करी तळ. प्राथमिक टप्पा पार केलेली मुले पुढच्या शिक्षणाला तिकडे जात. तुमचा प्रश्न प्रामुख्याने दुसऱ्या मैदानाबद्दल आहे. त्याचे नाव रॉबर्ट रसा मोटन यांच्यावरून पडले. संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यामागून त्यांनी 1915 ते 1935 संस्था चालवली होती.

आता शेतकी संस्थेत विमान कसे शिरले ते पाहू. 1925 मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने कमी, गुंतागुंतीच्या लष्करी कामाला नालायक, असा त्याचा सूर होता. पुढची पंधरा वर्षे हवाई दलाचे दार त्यांना बंद राहिले. बेंजामिन डेव्हिस या तरुणाचे उदाहरण घ्या. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षे कोणी त्याच्याशी कामाव्यतिरिक्त शब्द बोलले नाही, तरी तो 1936 मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडला. हवाई दलात अर्ज केला तेव्हा उत्तर मिळाले की कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही आणि काढायचा विचारही नाही.

फट पडली ती 1939 मध्ये. युरोपात युद्धाचे ढग जमले होते आणि अमेरिकेला वैमानिकांचा साठा हवा होता. सरकारने महाविद्यालयांतून नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली. त्यात काही कृष्णवर्णीय महाविद्यालयेही आली, टस्कीगी त्यांतले एक. संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन हे पेशाने पशुवैद्य. विमानाशी त्यांचा संबंध नव्हता, पण संधी ओळखायची नजर होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांना उड्डाणासाठी चाळीस मैलांवरच्या माँटगोमेरीला न्यावे लागे. जाण्यायेण्यातच दिवस जाई, म्हणून जवळचे केनेडी फील्ड घेतले आणि विद्यार्थ्यांच्याच हातांनी ते नीट केले. उड्डाण प्रशिक्षणात जागेचे अंतर हा क्षुल्लक मुद्दा नसतो. पहाटेचा थंड, स्थिर वारा नवख्याला लागतो, आणि मुलगा बसमधून उतरेपर्यंत ऊन वर आले असेल तर तो तास अर्धा वाया जातो.

नागरी परवाना मिळाला म्हणून लष्कर घेईल असे मात्र नव्हते. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आणि संघटना यांनी दबाव लावून धरला होता. हॉवर्ड विद्यापीठातला यान्सी विल्यम्स हा विद्यार्थी थेट सरकारला कोर्टात खेचायला निघाला. त्याच सुमारास, जानेवारी 1941 मध्ये, युद्ध खात्याने स्वतंत्र कृष्णवर्णीय लढाऊ तुकडी काढण्याची घोषणा केली. 99 क्रमांकाचे पर्स्यूट स्क्वॉड्रन. त्याच्या प्रशिक्षणासाठी टस्कीगी निवडले गेले. हवामान बाराही महिने उडण्याजोगे, जमीन उपलब्ध, आणि नागरी प्रशिक्षणाचा चांगला निकाल हाताशी. आणखी एक कारण उघड बोलले जात नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. दक्षिणेतल्या एका कोपऱ्यात, कृष्णवर्णीयांच्याच संस्थेच्या आवारात हा खटाटोप ठेवला की गोऱ्या तळांवर कोणाला बरोबर बसवावे लागणार नव्हते.

म्हणूनच सगळे कृष्णवर्णीय पुढारी खूश नव्हते, हे इथे सांगायला हवे. युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार विल्यम हेस्टी हे वेगळ्या चुलीच्या विरोधात होते. एकाच हवाई दलात सगळ्यांना बरोबरीने शिकवा, हे त्यांचे म्हणणे. त्यांनी 1943 च्या सुरुवातीला राजीनामा दिला, तो याच भेदभावाला कंटाळून. पॅटरसन यांची भूमिका व्यवहारी होती: जे मिळते आहे ते आधी पदरात पाडून घ्या. माझा कल हेस्टींकडे आहे. पण पॅटरसन थांबले असते तर ती मुले 1942 मध्ये विमानात बसली नसती, हेही तितकेच खरे.

आता एलिनॉर रूझवेल्ट यांची फेरी. 29 मार्च 1941 रोजी त्या टस्कीगीत होत्या. मुख्य प्रशिक्षक चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन यांना त्यांनी विचारले, मला वर नेता का? सुरक्षा रक्षकांच्या जिवाची घालमेल झाली, पण बाई बसल्याच. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्या हवेत होत्या. त्या वेळी निघालेले छायाचित्र, पुढच्या सीटवर अँडरसन आणि मागे हसणाऱ्या एलिनॉर, देशभर पोहोचले. पण तारखा जुळवून पाहा. स्क्वॉड्रनची घोषणा जानेवारीत झाली होती आणि ते 22 मार्चला कागदोपत्री अस्तित्वातही आले होते. फेरीमुळे स्क्वॉड्रन निघाले, ही गोष्ट टिकत नाही.

मग त्या फेरीचा उपयोग काय? पैसा. प्राथमिक प्रशिक्षण कंत्राटी शाळांकडे देण्याची अमेरिकी लष्कराची तेव्हाची पद्धत होती. मैदान आणि इमारती कंत्राटदाराने उभ्या करायच्या. लष्कर विमाने, अभ्यासक्रम आणि तपासणी अधिकारी देणार. म्हणजे मैदान टस्कीगीने स्वतःच्या खिशातून बांधायचे, आणि खिसा रिकामा होता. एलिनॉर या ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाच्या विश्वस्त होत्या, आणि त्या टस्कीगीत आल्या होत्या त्याही फंडाच्या बैठकीसाठीच. हा फंड दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी हजारो शाळा बांधण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याने 1 लाख 75 हजार डॉलरचे कर्ज दिले आणि मोटन फील्ड उभे राहिले.

बांधकामाची देखरेख आर्चिबाल्ड अलेक्झांडर या कृष्णवर्णीय अभियंत्याकडे होती. 1941 च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले आणि पावसाने ते रखडवले. चिकणमातीचे सपाटीकरण पावसात करणे म्हणजे काय, हे आपल्याकडे काळ्या रानात धावपट्टी करू पाहणाऱ्याला सांगायला नको. शेवटी संस्थेतले कारागीर आणि मजूर मदतीला उतरले. या संस्थेची परंपराच तशी. पहिल्या इमारतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांनी स्वतः भाजल्या होत्या. विमानाचा हँगर बांधणे त्यांना जड गेले असेल, पण नवे नव्हते. तुमच्या ‘शेतकी संस्थेकडे विमानतळ कसा’ या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे दिसते. हाताने काम शिकवणारी संस्था असल्यामुळेच तिला हे पेलले. इंजिन उघडणारा, लाकूड जोडणारा, पंखाचे कापड ताणून शिवणारा माणूस मैदान नुसते चालू करायला नव्हे, ते रोज चालते ठेवायला लागतो.

मैदान म्हणजे एक हँगर, पेट्रोलच्या टाक्या, लॉकरची खोली, कोठार, आणि समोर गवताचा सपाट पट्टा. दुसरा हँगर पुढे संख्या वाढल्यावर आला. मुले राहायला संस्थेच्या आवारात, तिथून बसने मैदानावर. सकाळी अर्धे उडणार, अर्धे वर्गात: हवामान, नकाशा, इंजिन, उड्डाणाचे सिद्धांत. दुपारी उलट. धाकट्या तुकडीतल्या पोरांना हवाई दलाच्या शाळांत ‘डोडो’ म्हणत, उडता न येणारा पक्षी म्हणून. सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उड्डाण, झाल्याखेरीज ही उपाधी सुटत नसे.

विमान होते स्टिअरमन पीटी-17. निळे अंग, पिवळे पंख, एकावर एक दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे, 220 अश्वशक्तीचे गोल इंजिन. रेडिओ नाही. सेल्फ-स्टार्टर नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूला हँडल घालून मेकॅनिक आतले जड चाक फिरवू लागे. आधी ते हलतच नसे, मग हळूहळू वेग घेई, आवाज चढत चढत शिटीसारखा बारीक होई. त्या क्षणी मेकॅनिकने हँडल काढायचे, ओरडायचे, कॉकपिटमधल्याने क्लच ओढायचा, आणि पंखा एकदोन गचके खाऊन धुराचा लोट सोडत फिरू लागायचा. नाही फिरला तर पुन्हा पहिल्यापासून.

इन्स्ट्रक्टर पुढे, विद्यार्थी मागे. मधे बोलण्यासाठी गॉस्पोर्ट ट्यूब, म्हणजे एक रबरी नळी. तिचे तोंड इन्स्ट्रक्टरकडे आणि दुसरे टोक विद्यार्थ्याच्या टोपीत कानाशी. बोलणे एकतर्फी. विद्यार्थ्याला उत्तर देण्याची सोय नाही. फार तर मान डोलवायची, आणि ती इन्स्ट्रक्टरने पुढच्या छोट्या आरशात पाहायची. याच सुमारास आपल्याकडे बेगमपेठ आणि जोधपूरला भारतीय मुले टायगर मॉथवर प्राथमिक धडे घेत होती, तिथेही नळीचाच कारभार. मला विचाराल तर या नळीने वाईट इन्स्ट्रक्टर आणखी वाईट झाला आणि चांगला आणखी चांगला. मुलगा उलट बोलू शकत नाही म्हटल्यावर नुसत्या शिव्या हासडणारे असतातच. पण जाणकाराला कळे की आपले एक वाक्य त्या पोराच्या कानात वाऱ्याच्या घोंगावण्यात जेमतेम पोहोचणार आहे. तो दोनच शब्द बोले: ‘नाक खाली’, ‘उजवा रडर’ (रडर म्हणजे शेपटीवरचे, पायांनी हलवायचे सुकाणू). बाकीचे जमिनीवर उतरल्यावर.

आता साठ तासांचा हिशेब. हे तास चार भागांत वाटलेले असत. पहिला सोलोपूर्व. सरळ आणि समतल उडणे, वळणे, चढणे-उतरणे, स्टॉल (पंखांची उचल जाणे), स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली पडण्यात) जाऊन बाहेर येणे, आणि सर्किट-लँडिंग, म्हणजे मैदानाभोवती फेरी मारून उतरणे, पुन्हा सर्किट-लँडिंग. साधारण आठ ते बारा तासांत सोलो. दुसऱ्या भागात वाऱ्याचा अंदाज घेत जमिनीवरच्या खुणांभोवती आठ काढणे वगैरे. तिसऱ्यात ठरलेल्या जागी नेमके उतरणे, इंजिन बंद पडल्याचे धरून शेत निवडणे. चौथ्यात कसरती: लूप (उभी गिरकी), स्लो रोल (सावकाश कूस बदलत पूर्ण फिरणे), चँडेल (चढत चढत उलट दिशेला वळणे). विसाव्या, चाळिसाव्या आणि साठाव्या तासाच्या आसपास तपासणी. एवढ्याने कोणी लढाऊ वैमानिक होत नाही. हे फक्त पहिले साठ. त्यानंतर मोठ्या लष्करी तळावर बीटी-13 विमानावर बेसिक आणि एटी-6 वर ॲडव्हान्स्ड, मिळून दोनशेहून अधिक तास झाल्यावर छातीवर पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, लागत. ‘साठ तासांत वैमानिक’ ही समजूत त्यामुळे अर्धवट आहे. साठ तासांत कळते ते इतकेच, की हा मुलगा शिकण्याजोगा आहे की नाही.

स्टिअरमनवर ते लवकर कळते, कारण ते विमान उडायला गुणी आणि उतरायला खट्याळ. मी स्वतः पुष्पकवर शिकलो, तेही शेपटीवर बसणारे, म्हणून हे हाताने माहीत आहे. अशा विमानाची मुख्य चाके पुढे आणि बहुतेक वजन त्यांच्या मागे. दोन चाकांची हातगाडी ओढण्याऐवजी ढकलत नेली की ती जशी जरा कलली की आडवीच व्हायला बघते, तसे हे. विमान जमिनीवर धावत असताना नाक दोन अंश डावीकडे गेले की मागचे वजन शेपटीला बाहेर फेकते, नाक आणखी डावीकडे, आणि बघता बघता विमान गर्रकन फिरून खालचा पंख जमिनीला घासते. याला ग्राउंड लूप म्हणतात. स्टिअरमनची चाके एकमेकांच्या जवळ आणि शरीर उंच, त्यामुळे हा रोग जास्त. शिवाय शेपूट खाली असताना समोरचे काही दिसत नाही. मागे बसलेल्या विद्यार्थ्याला तर पंख, तारा आणि इन्स्ट्रक्टरचे डोके एवढेच. बाजूच्या गवताकडे कडेच्या नजरेने पाहत पायांनी रडर सतत जागे ठेवायचे. थोडासा डावा, सोडला, थोडासा उजवा, सोडला. जो मुलगा नाक फिरल्यावर पाय दाबतो तो उशीर करतो. नाक फिरू पाहतेय हे ज्याच्या बुडाला आधी कळते, त्याच्या हाती विमान द्यायला हरकत नाही. सोलोला कधी सोडायचे, हे इन्स्ट्रक्टर याच गोष्टीवर ठरवतो. सुंदर लँडिंगवरून ठरवत नाही. सुंदर लँडिंग योगायोगानेही होते. बिघडलेले लँडिंग मुलाने स्वतः सावरले, बाउन्स झाल्यावर न घाबरता थ्रॉटल पुढे करून पुन्हा वर गेला, की उतरून पट्टा सोडावा आणि म्हणावे, जा.

शिकवणारे कोण, हा मोटन फील्डचा सर्वांत महत्त्वाचा भाग. इथले इन्स्ट्रक्टर नागरी आणि कृष्णवर्णीय होते. त्यांचे प्रमुख अँडरसन, ज्यांना सगळे ‘चीफ’ म्हणत. पेन्सिल्व्हेनियातल्या या गड्याला कोणी शिकवायला तयार नव्हते, म्हणून त्याने उधार-उसनवार करून आधी विमान विकत घेतले आणि मग शिकायच्या मागे लागला. अर्न्स्ट ब्यूल या जर्मन वैमानिकाच्या मदतीने 1932 मध्ये व्यावसायिक वाहतुकीचा परवाना मिळवला. पुढच्याच वर्षी डॉ. आल्बर्ट फोर्साइथ यांच्याबरोबर अटलांटिक सिटीहून लॉस एंजेलिसला जाऊन परत आला, लहानशा विमानातून आणि जुजबी उपकरणांवर. असा माणूस पुढच्या सीटवर बसला की ‘आपल्यासारख्याला हे जमेल का’ ही शंका विद्यार्थ्याच्या मनातून न बोलता जाते. लुईस जॅक्सन हे प्रशिक्षणाचे संचालक. नंतर अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय चार-तारांकित जनरल झालेले डॅनियल ‘चॅपी’ जेम्स यांनीही सुरुवातीला टस्कीगीत नागरी इन्स्ट्रक्टर म्हणूनच काम केले.

तपासणी अधिकारी मात्र लष्कराचे, गोरे. इन्स्ट्रक्टर शिकवणार आणि अंतिम निकाल दुसरा देणार, ही पद्धत तशी सगळ्याच प्राथमिक शाळांत होती आणि ती योग्यही आहे. स्वतःच्या विद्यार्थ्याबद्दल माणूस हळवा असतो. टस्कीगीत मात्र त्या पद्धतीला रंगाची किनार लागली. ठराविक संख्येपेक्षा जास्त पास करायचेच नाहीत असे वरून ठरले आहे, असा समज मुलांमध्ये होता. पहिल्या तुकडीत कॅप्टन डेव्हिससह 13 जण होते. 7 मार्च 1942 रोजी पंख मिळाले पाच जणांना: डेव्हिस, लेम्युएल कस्टिस, चार्ल्स डीबाउ, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस. हे गळतीचे प्रमाण भयंकर वाटेल. पण 1939 ते 1945 या काळात अमेरिकी लष्कराने सुमारे 1 लाख 93 हजार वैमानिक तयार केले, तर सुमारे 1 लाख 24 हजार मधेच गळले. एकूण प्रशिक्षणच निर्दय होते. टस्कीगीतला खरा अन्याय मला वेगळ्या जागी दिसतो. गोऱ्या मुलाला देशभर डझनावारी शाळा. कृष्णवर्णीय मुलाला प्राथमिकसाठी हेच एक मैदान. अर्ज मंजूर झालेली पोरे आपला नंबर येईपर्यंत महिनोन् महिने वाट पाहत.

एकाच जागी सगळे कोंबण्याची झळ मोठ्या लष्करी तळाला अधिक बसली. इतरत्र बेसिक एका तळावर, ॲडव्हान्स्ड दुसऱ्या, दोन इंजिनांचे तिसऱ्या. टस्कीगी आर्मी एअर फील्डवर हे सगळे एकाच छताखाली. नवशिके आणि जाणते एकाच सर्किटमध्ये, वेगवेगळ्या वेगाची विमाने एकाच धावपट्टीसाठी. असे ट्रॅफिक हाताळताना इन्स्ट्रक्टरच्या डोक्याला काय ताप होतो, ते त्या धंद्यातलाच जाणे. त्या तळाचे बांधकाम मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीयांच्या कंपनीने केले होते. आधीचा तळप्रमुख फ्रेडरिक किंबल याने खानावळीपासून संडासापर्यंत गोरे-काळे वेगळे ठेवले. डिसेंबर 1942 मध्ये त्याच्या जागी नोएल पॅरिश आले. तेही दक्षिणेतले गोरेच, पण आधी ते प्रशिक्षणाचे प्रमुख होते आणि मुलांना त्यांनी विमानात बसून पाहिले होते. त्यांनी गोरे-काळे वेगळे ठेवणाऱ्या पाट्या काढल्या आणि अधिकारी झालेल्या मुलांना अधिकाऱ्यासारखे वागवले. सगळ्या व्यवस्थेला ते उलथवू शकत नव्हते; पण युद्ध संपेपर्यंत तळ टिकला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

बायकांचे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. टस्कीगीच्या नागरी प्रशिक्षणातून मिल्ड्रेड हेमन्स हिने 1941 मध्ये परवाना मिळवला. नंतर तिने महिला वैमानिकांच्या दलात अर्ज केला. तो नाकारला गेला, आणि कारण तिचा रंग. तिचा नवरा हर्बर्ट कार्टर टस्कीगीतून लढाऊ वैमानिक झाला. ती विमान येत असूनही बाहेर राहिली.

पुढचे थोडक्यात. 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत 99 स्क्वॉड्रनला पुरेसे वैमानिक मिळाले होते, पण त्यांना कुठे पाठवायचे यावर वरिष्ठांचा घोळ चालू राहिला. एप्रिल 1943 मध्ये ते उत्तर आफ्रिकेकडे निघाले. या रखडण्यात एक फायदा लपला होता: मुलांच्या वहीत इतर नव्या वैमानिकांपेक्षा बरेच जास्त तास जमले. तोटा असा की लढाईचा अनुभव असलेला एकही माणूस त्यांच्यात नव्हता, कारण तसा कृष्णवर्णीय वैमानिक अमेरिकी दलात अस्तित्वातच नव्हता. जुलै 1943 मध्ये चार्ल्स हॉल याने सिसिलीवर पहिले शत्रू विमान पाडले. नंतर टस्कीगीच्या वैमानिकांचा 332 फायटर ग्रुप, मस्टँग, लाल शेपट्या, आणि बॉम्बर विमानांना संरक्षण देण्याचे काम. ‘त्यांच्या संरक्षणाखालचे एकही बॉम्बर पडले नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. हवाई दलाच्याच इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा 27 बॉम्बर पडल्याचे निघाले. त्याच हवाई सैन्यातल्या बॉम्बरना संरक्षण देणाऱ्या इतर ग्रुपांची सरासरी 46 होती. दंतकथेपेक्षा हा आकडा मला जास्त भावतो, कारण त्यात खरे उड्डाण दिसते. शून्य नुकसान फक्त सिनेमात होते.

टस्कीगीतून 1941 ते 1946 या काळात 992 वैमानिकांनी पंख मिळवले, त्यांत हैतीहून आलेले पाच जणही होते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा सैन्यातली वर्णविभागणी संपवणारा आदेश जुलै 1948 मध्ये निघाला.

तोवर दोन्ही मैदाने लष्कराच्या दृष्टीने संपली होती. मोठा तळ बंद होऊन त्याची जमीन खासगी हातात गेली. मोटन फील्ड टिकले, कारण ते लहान होते आणि गावाला उपयोगाचे होते; 1972 मध्ये ते नगरपालिकेकडे आले आणि आजही तिथे छोटी विमाने उतरतात. दुसरा हँगर आगीत गेला होता, तो जुन्या धाटणीने पुन्हा उभा केला आहे. 1998 मध्ये जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि 2008 मध्ये पहिल्या हँगरमध्ये संग्रहालय सुरू झाले. अटलांटाहून माँटगोमेरीकडे जाणारा महामार्ग जवळूनच जातो. मुलेबाळे अमेरिकेत असल्यामुळे तिकडे जाणे होत असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. चीफ अँडरसन युद्धानंतरही टस्कीगी सोडून गेले नाहीत. म्हातारपणापर्यंत नव्या पोरांना शिकवत राहिले आणि 1996 मध्ये तिथेच वारले.